दऱ्यांचा दर्या

शालनकाकूंचं बोट स्क्रीनवर एका शब्दापाशी थांबलं. "काय रे, माझ्या दऱ्यांचा दर्या कधी झाला?" त्या हसत म्हणाल्या. मला हसता आलं नाही.

शेजारच्या या काकूंनी वीस वर्षं डोंगरातले झरे टिपून ठेवले. ते दाखवणारी बरीच माणसं आता नाहीत. नोंदी एका कंपनीच्या ॲपमध्ये होत्या. 'आपली आठवण परक्याच्या कुलपात ठेवू नका' हे पत्रक मीच लिहिलं, मीच वाटलं. मग आम्ही मित्रांनी एक मुक्त ॲप तयार केलं, कुणीही आतून तपासावं असं. काकूंनी सगळं त्यात हलवलं. आणि ऱ या अक्षराखालचं टिंब माझ्या प्रोग्रामनं कचरा समजून पुसलं, म्हणून 'ऱ्य'चा 'र्य' झाला.

"जुन्या ॲपमध्ये बघून दुरुस्त करू," मी म्हणालो.

"ते खातं मी बंद केलं की. तुझं पत्रक वाचूनच."

कंपनीवर चिडणं सोपं होतं. ती लांब होती. पत्रकातलं वाक्य मला आजही खरं वाटतं, पण आता कुलूप माझं आहे आणि मला माझ्याच हातांची भीती वाटते आहे. दर्या खटकला म्हणून सापडला. न खटकणारं काय काय गेलं असेल?

काकूंनी खुर्ची जवळ ओढली. "वाच एकेक. आठवेल तसं सांगते."

दोन झऱ्यांची नावं त्यांनी चटकन सुधारली. तिसरं मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हा झरा कुठला, ते नाही रे आठवत," काकू म्हणाल्या.