काठी धरून घेतलेलं नाव

सुप्रभाबाईंनी इंग्लंडमधल्या एका गावी शाळेच्या किचनमध्ये दोन पिढ्यांना कस्टर्ड वाढलं, हेडमास्तरांनासुद्धा रांगेत उभं केलं, पण नवऱ्याचं नाव काही कधी तोंडावाटे काढलं नाही. फॉर्मवर बिनधास्त लिहायच्या. बोलताना मात्र 'डॉक्टर', नाहीतर 'आमचे हे'. नाव घ्यायचं ते उखाण्यात. डॉक्टर गेले आणि तेही संपलं. लेकीकडे लंडनमध्ये, स्टॅनमोरला हळदीकुंकू होतं, तेव्हा नावाचा आग्रह शेजारणीपर्यंत आला आणि यांना वगळून पुढे सरकला. कुणी वाईट वागलं नाही, पण लागलं ते लागलंच. त्यानंतर बाई तिकडे फिरकल्या नाहीत.

मँचेस्टरजवळच्या त्या गावातलं त्यांचं घर मॅनरच्या, म्हणजे जुन्या जमीनदारवाड्याच्या, इस्टेटीचं. लीज अठराव्या शतकातलं, डॉक्टरांनी उमेदीच्या काळात आपल्या नावावर करून घेतलेलं. त्यातली एक अट इंग्रजांनी जुन्या लोणच्यासारखी जपून ठेवली होती. घरधनी वारला की वारसाने मॅनरच्या अंगणात यायचं, इस्टेटीच्या काठीचं एक टोक धरायचं आणि गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. तीनदा विचारूनही नाव आलं नाही, तर घर इस्टेटीकडे परत. डॉक्टरांनी लावलेल्या सफरचंदाच्या झाडासकट. त्या झाडापायी तर बाई लेकीकडे कायमच्या गेल्या नव्हत्या.

ठरल्या दिवशी अर्धं गाव जमलं. इस्टेटीची मॅनेजर सारा काठी पुढे धरून उभी राहिली. लहानपणी हिनेच कस्टर्डसाठी दोन-दोनदा वाटी पुढे केली होती.

"हे घर कोणाचं होतं?" तिने विचारलं.

"माय हजबंड्स," बाई म्हणाल्या.

"नाव, प्लीज."

"डॉक्टरांचं. तुझे टॉन्सिल्स बघायचे ते!"

सारा कानकोंडी झाली. तिला काय नाव माहीत नव्हतं? पण नियम तो नियम. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"आई, बाबाचा नाव बोल ना!" लेक देविका रडकुंडीला आली. "घर जाईल!"

 बाईंनी अंगणभर नजर फिरवली. इथे त्यांना वगळून पुढे सरकायला कुणी तयार नव्हतं. सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत खोळंबले होते. बाईंनी कोटावरची शाल सारखी केली, काठी घट्ट धरली आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"मॅनरच्या काठीला लावला मी हात,
कमलाकररावांची आहे अजून साथ!"

गावाला त्यातलं नाव तेवढं कळलं, आणि तेवढंच पुरेसं होतं. साराने मान डोलावली, काठी बाईंच्या हातात दिली. घर सुप्रभाबाईंचं झालं. टाळ्या पडल्या तशा बाई रडल्या, मग रडता रडता हसल्या. मनावरचा धोंडा उतरला होता.

घरी जाताना म्हणाल्या, "देविका, यंदा संक्रांतीला मी येते गं हळदीकुंकवाला."

"खरंच? पण आई, तिकडे परत कोणी नाही विचारला तर?"

"नाही विचारलं तर नाही," बाई म्हणाल्या. "मी न विचारता घेणार आहे."