पहिल्या पानाचा शुभेच्छुक

गंगाखेडच्या स्टँडसमोर एकाचं फ्लेक्सचं दुकान आहे. माझ्या नव्या ब्लॉगचं पहिलं पान त्यालाच करायला दिलं, ही माझी चूक. मला हवं होतं फक्त नाव आणि तीन लेख. त्याला मात्र मोकळी जागा बघवत नाही.

"सर, पान लय उघडं दिसायलंय," म्हणत त्याने झालर लावली, हात जोडलेला माझा फोटो टाकला आणि खाली शुभेच्छुकांची रांग लावली. बारा चेहरे, सगळे त्याच्या ओळखीचे.

"काढ सगळे," मी म्हणालो.

त्याने जड मनाने एकेक पुसला. शेवटी कोपऱ्यात एकच उरला, त्याचा स्वतःचा.

"हा कशाला?"

"ऱ्हाऊ द्या, सर. तुमचे तिन्ही लेख वाचलेला दुसरा कोन हाय?"

त्याचा फोटो अजून तिथेच आहे.