पंख्याची कुरकुर

विशेष मुलांच्या त्या बालवाडीत सगळे तिला हवालदारमावशी म्हणत. जेवणं उरकली, की पडदे ओढायचे, मुलांना गाद्यांवर निजवायचं आणि अंधारात पहारा द्यायचा, हे तिचं काम. खरा पहारा एकीसाठीच. ठकी, चार वर्षांची, अजून न बोलणारी. झोपेत तिला आकडी यायची. आधी दातांची बारीक करकर होई, तेवढीच काय ती वर्दी. ती ऐकताच मावशी तिला कुशीवर वळवी आणि बाईंना हाक मारी. एकदा मावशी रजेवर होती, तेव्हा पोरीचे ओठ जांभळे पडले होते.

सोमवारी मावशी सहज म्हणाली, "बरं झालं बाई, पंखा दुरुस्त करून घेतलात. मेला कुरकुरून जीव खायचा."

बाई हसल्या. "थट्टा करता होय मावशी? अजून रडतोय की गाढवासारखा."

मावशीही हसली. तिनं वर पाहिलं. पाती लचकत फिरत होती. आवाज नव्हता. समोरच्याचं बोलणं तर नीट कळत होतं. पण "सासूबाई, किती हाका मारायच्या?" असं सून रोज म्हणायची, ती काही कटकट नव्हती तर.

मंगळवारपासून ती ठकीच्या उशाशी सरकली. पोरीच्या जबड्यावर दोन बोटं टेकवून बसू लागली. कुणाला पत्ता लागला नाही. ही खोली सुटली, तर आपल्याला कोण हवालदार म्हणणार? अंधार मात्र रोज जरा जवळ येऊन बसल्यासारखा वाटे.

गुरुवारी बोटांखालचं हाड थरथरलं. तिनं ठकीला वळवलं, हाक मारली. बाई औषध घेऊन धावल्या. हळूहळू आकडी ओसरली. पोरगी घामेजून निजली.

"काय कान आहेत हो तुमचे," बाई कपाळ पुसत म्हणाल्या. "उद्यापासून असंच आणखी एक मूल येतंय. भिंतीला टेकल्याशिवाय झोपत नाही म्हणे, त्याला त्या कोपऱ्यात घालू. तुमच्या भरवशावरच त्याच्या आईला हो म्हटलंय."

मावशीनं ठकीपासून कोपऱ्यापर्यंत नजर नेली. हात पोचणार नव्हता. डोक्यावर पाती मुकाट लचकत होती.

"बाई, पंखा वाजतोय का आत्ता?"

"वाजतोय की. का हो?"

ठकीच्या जबड्यावरची बोटं तिनं उचलली नाहीत.

"मला ऐकू येत नाहीये. सोमवारपासून तुम्हाला फसवतेय. त्या आईला आजच कळवा."