तळाशी बसवलेला पंप

माजरीच्या कोळसा खाणीत मी बत्तीस वर्षं पंप खलाशी होतो. खाणीत साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचं, एवढंच माझं काम. पण ते मी अशा थाटात करायचो, की माझ्यावाचून अख्खी खाण बुडेल. निवृत्त होऊन गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावी आलो आणि खाण काही बुडली नाही. ही गोष्ट मला फार लागली.

मग घरात पंप लावण्यासारखं काही आहे का, ते मी शोधू लागलो. मोबाईलवर लोक घरच्या घरी वाईन करताना दिसले. लगेच मागच्या खोलीत झाकणाचे दोन ड्रम, काचेची मोठी बरणी आणि पारदर्शक नळी येऊन पडली. बायको त्या खोलीला ‘तुमची खदान’ म्हणायची. माझी पहिली जांभळाची वाईन इतकी आंबट झाली, की बायकोनं ती लोणच्यात घातली. तरी गावात मी जाणकार म्हणूनच फिरत होतो.

त्या कीर्तीला भुलून शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, म्हातारी बाई एक दिवस वाळवलेल्या मोहफुलांची टोपली घेऊन आली. आदल्या उन्हाळ्यात तिचा नवरा गेला होता. त्याच्या वर्षाच्या विधीला मोहाच्या दारूचा पहिला दोना त्याच्या नावानं भुईवर ओतायचा आणि मगच बाकीच्यांनी घ्यायचं, अशी त्यांची रीत. भट्टी लावून दारू गाळणं तिनं धुरापायी कधीच सोडलं होतं. आता ती फुलं नुसती पाण्यात आंबवून वरचं नितळ तेवढं काढून घ्यायची.

“माह्या हातानं आता मडकं कलवत नाई, भाऊ,” थरथरणारे हात दाखवत ती म्हणाली. “कलवलं का सारा गाळ वर येते. यंदा मले साफ पाह्यजे.”

“बाई, माही जिनगानी पाणी उपसण्यात गेली,” मी म्हणालो. “तुमी बेफिकीर राहा.”

निवृत्त झाल्यापासून कोणी काम घेऊन दारात आलं, ते हे पहिलंच. फुलं एका ड्रममध्ये पाण्यात आंबत घातली आणि मी त्या ड्रमची अशी राखण केली, की स्वतःच्या लेकरांचीही कधी केली नव्हती. विधीच्या आदल्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. फुलांचा लगदा खाली बसला होता आणि वर सोनेरी, नितळ रस. मन भरून आलं.

“लोट्यानं वरच्यावर काढून घ्या ना,” बायको म्हणाली.

लोट्यानं! मी तिला पंपशास्त्रावर पाऊण तास व्याख्यान दिलं. मोबाईलवाले नळीचं टोक तोंडात धरून रस ओढतात, तेही मला मान्य नव्हतं. बत्तीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसानं नळी चोखत बसायचं, हे शोभतं का? पंप पाहिजे होता. आणि घरात पंप एकच होता, कूलरमध्ये.

“कूलरचा पंप काऊन काढून राह्यले तुमी?”

“दहा मिनटाचं काम आहे.”

“मे महिना आहे. मी इथी शिजून राह्यली अन् तुमाले ड्रमची पडली.”

मी पंप चार पाण्यांनी धुतला, नळी जोडली आणि दोरीनं ड्रममध्ये सोडला. सोडला तो थेट तळाशी. खाणीत पंप नेहमी सगळ्यात खालच्या जागी बसवायचा असतो, कारण तळचा चिखल उपसला नाही तर खाण चालत नाही. माझ्या हातांना तेवढंच ठाऊक होतं. इथे सगळी विद्या तळाला हात न लावण्याची आहे, हे डोक्यात आलंच नाही. मी बटण दाबलं.

पंप फार चांगला चालला, हे मला नमूद केलंच पाहिजे. मिनिटभरात लगद्याचं पीठ होऊन बरणीत पडू लागलं आणि ड्रममध्ये उरलं तेही ढवळून निघालं. बरणीतला रंग अगदी खाणीतल्या पाण्याचा. बायको दारात पदरानं वारा घेत उभी होती. तिनं लोटा आणून माझ्यासमोर ठेवला.

सकाळपर्यंत ते तसूभरही निवळलं नाही. बरणी घेऊन टोल्यावर जाताना बायको सोबत होती म्हणून गेलो, नाहीतर वाटेतूनच परतलो असतो. मान खाली घालून मी बाईला सगळं सांगितलं. तिनं बरणी उजेडात धरली आणि चक्क हसली.

“त्यानं कदी निवळूच नाई देल्लं, भाऊ. फुलं आंबली का कटोरा घेऊन बसे. जिनगानीभर असंच गढूळ पेला.”

माझा जीव भांड्यात पडला. मेलेल्या माणसालाच गढूळ आवडत असेल, तर माझी चूक ती काय! वरून मीच त्याची आवड राखली, असंही मनात येऊन गेलं. बाईनं पळसाच्या पानाचा दोना भरला, खाली बसली आणि त्याचं नाव घेत हळूहळू भुईवर ओतला. माती ओली झाली तिथे लगद्याचा थर राहिला. तो तिनं बोटानं बाजूला केला.

“म्या म्हनलं होतं,” मातीकडेच पाहत ती म्हणाली, “एक डाव तरी त्याले साफ पाजीन.”

दुसरा दोना तिनं माझ्या हातात दिला. मी तो गाळासकट प्यालो.