एका टाकीला दोन हात

“आकडा थोडा चुकला तरी चालेल, पण मेल्याने एका जागी बसावं,” ताई एकदा म्हणाली होती.

आकडा म्हणजे पाण्यातली क्षारता. समुद्रातलं प्रवाळ तिच्यावरच आपला दगडी सांगाडा बांधतं. ताई मुळात कपडे बेतणारी. शिवणकामाच्या कारखान्यात तिचं कापड बेतायचं टेबल सगळ्यात लांबलचक. नवऱ्याच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. “माझी सवत,” एवढंच म्हणायची, “फरक इतकाच, हिला आंघोळ लागत नाही.”

भावोजींच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. स्ट्रेचरवरून ते एवढंच बोलले, “तेवढं फांद्यांचं प्रवाळ सांभाळ.” लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नखाएवढा तुकडा आणून त्यांनी ते वाढवलं होतं. ताईने मान हलवली. मान हलवली की तिच्या लेखी करार झाला.

रोज सकाळी ती बाटलीत टाकीचं पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब सोडी आणि निळ्याचा गुलाबी रंग व्हायची वाट पाही. किती थेंब लागले, त्यावरून क्षारता कळे. मग हिशेबाने क्षारता वाढवणारी चमचाभर पांढरी पावडर. पण आकडा तिला दाद देईना. सकाळी पावडर घालावी मोजकी, दुसऱ्या दिवशी क्षारता भलतीच चढलेली. मग ती हात आवरून धरी. एक दिवस तर जास्तीचे क्षार साका होऊन बाहेर पडले, पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं आणि चढलेला आकडा धाडकन कोसळला. प्रवाळाच्या फांद्या खालून पांढऱ्या पडू लागल्या. मेलेलं प्रवाळ सडत नाही. ते नुसतं पांढरं होतं, कुणी आतून दिवा मालवल्यासारखं.

ताईने बल्ब बदलले. पंप उकळून काढला. शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात पाणी तपासून आणलं. तो म्हणाला, “बाई, नवीन घ्या, स्वस्त पडेल.” ती म्हणाली, “नवराही नवीन घेऊ का?”

एके दुपारी कारखान्यात वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली. टाकीपुढे स्टुलावर तिचे सासरे उभे. हातात चमचा.

“बाबा, हे काय?”

“अगं, बापडं उपाशी दिसलं. मुलगा द्यायचा ना रोज एक चमचा.”

“मी सकाळी देते ना!”

“देत असशील. पण तुझा हात आखडता. माझ्या चहातली साखरसुद्धा तू मोजतेस.”

“किती दिवस चाललंय?”

“तो दवाखान्यात गेला तेव्हापासून. जेवण झालं की.”

ताई खाली फरशीवर बसली. “काखेत कळसा,” ती म्हणाली, “आणि मी दुकानं पालथी घालतेय.” मग इतकी हसली की सासरे घाबरून स्टुलावरून उतरले.

त्या दिवसापासून टाकीला हात एकच. तिने सगळं थांबवलं. मिठाचं ताजं पाणी बादलीत कालवून, मुरवून, टाकीतलं थोडं थोडं पाणी बदललं. पावडर रोज तेवढीच, त्याच वेळेला. आकडा हवा त्याहून खाली होता; तिने तो खालीच राहू दिला. आधी बसू दे, मग उठवू. प्रवाळाचे पांढरे भाग पांढरेच राहिले. पण टोकांवर, जिथे फांदी संपते तिथे, जिवंत प्रवाळाचे बारीक तपकिरी केस पुन्हा पाण्यात हलू लागले.

भावोजी घरी आले ते भिंत धरत. टाकीपुढच्या खुर्चीत बसले.

“अर्धं गेलं,” ते म्हणाले.

“अर्धं आहे,” ताई म्हणाली.

तिने त्यांच्यादेखत चाचणी केली. आकडा ऐकून त्यांचा चेहरा बदलला. “इतकी खाली? अगं, दोन चमचे टाक, आजच्या आज जागेवर येईल.”

“नाही.”

“टाकी माझी आहे. मला कळतं.”

“अहो, डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी जिना चढवला का?”

आतून सासऱ्यांचा आवाज आला, “वाद घालू नकोस रे. मलाही बंदी आहे.”

भावोजींनी खुर्चीतूनच हात लांबवला, कपाटावरचा पावडरचा डबा ओढला आणि झाकण फिरवायला लागले. टाके दुखले तशी मान वाकडी झाली, पण झाकण सोडलं नाही.

ताईने त्यांच्या हातून डबा घेतला. झाकण घट्ट केलं. कारखान्याच्या पिशवीत कात्रीशेजारी ठेवला, पिशवी खांद्याला लावली, चपला सरकवल्या आणि कामावर निघाली.