सरका, मी करतो

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना तोंडावर सगळे गुरुजी म्हणायचे आणि पाठीमागे दीडशहाणे. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. पहिलं मानाचं होतं आणि दुसरं, त्यांच्या मते, जळणाऱ्यांचं. गंमत अशी, की या गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळणं हे त्यांचं काम आणि 'सरका, मी करतो' हा त्यांचा मंत्र. कुणी हाक मारली की ते यायचे, खुर्चीतल्या माणसाला उठवायचे, खटाखट चार बटणं दाबायचे आणि 'झालं' म्हणून चालते व्हायचे. काय झालं ते त्या माणसाच्या बापालाही कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तीच हाक.

बरं, लोकही एकेक नमुना होते. हेडक्लार्क कॅल्क्युलेटरवर बेरीज करून तो आकडा एक्सेलच्या चौकटीत टाइप करायचे. भांडारपाल प्रत्येक फाइलला 'नवीन' असं नाव द्यायचा. मग 'नवीन नवीन', मग 'हेच खरं नवीन'. मोठे साहेब आलेला ईमेल छापून घ्यायचे, त्याखाली पेनानं उत्तर लिहायचे आणि तो कागद गुरुजींच्या हातात देऊन म्हणायचे, "एवढं पाठवून टाका."

गुरुजींचं टाळकं सरकायचं. घरी जेवताना रोज हाच पाढा. "अगं, समोर ढळढळीत लिहिलेलं असतं! वाचायचं की नाही माणसानं? चौकट दिसली की दाबली! दिसली की दाबली! या लोकांना कॉम्प्युटर देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!" बायको ऐकून घ्यायची, मधूनच हसायची. ती घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं, दोन-तीन मुली शिकायलाही यायच्या. घरातला कॉम्प्युटर त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होता, आणि त्याच्यावरचं कापडी झाकण तिनं शिवलेलं होतं. तिचा आणि त्याचा संबंध एवढाच. तो घरात आला तेव्हा एकदा तिनं हौसेनं हात पुढे केला होता, तर गुरुजी केवढ्यानं दचकले. "राहू दे, राहू दे, बिघडवशील!" ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

आता अशा माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जावी, याला दुसरं काय म्हणायचं?

झालं असं. राहत्या इमारतीच्या फाटकाची बिजागरी तुटली म्हणून वेल्डर आला होता. गुरुजींचा आणि वेल्डिंगचा काडीचा संबंध नव्हता, पण समोर काम चाललंय आणि आपण सल्ला द्यायचा नाही, हे त्यांना कसं जमावं? ते जाऊन अगदी जवळ उभे राहिले. वेल्डर म्हणाला, "काका, ठिणगीकडे बघू नका, डोळे जातील." गुरुजी म्हणाले, "तू तुझं बघ. जरा वरून धर ते." त्यानं आणखी एकदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला. संध्याकाळी गुरुजींच्या डोळ्यांत कुणी मूठमूठ वाळू टाकावी तसं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "बघू नका म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मग काय! साधी सूचना न ऐकणाऱ्या माणसाबद्दल गुरुजींचं मत काय आहे, हे अख्ख्या कचेरीला तोंडपाठ होतं. ते त्यांनी डॉक्टरीणबाईंना ऐकवलं नाही. मुकाट्यानं दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून घेतल्या आणि बायकोचा दंड धरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पलंगावर पडून होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. बायकोनं निरोप वाचला आणि तिचा आवाजच बदलला. "अहो, पोरीच्या कॉलेजचं आलंय. जागा मिळालीय म्हणे. जनावरांच्या डॉक्टरकीची!"

गुरुजी ताडकन उठून बसले. मुलगी चार वर्षांची असल्यापासून गल्लीतल्या कुत्र्यांच्या पायांना चिंध्या बांधत आली होती. हे एकच तिला व्हायचं होतं. पहिल्या यादीत नाव थोडक्यात हुकलं, तेव्हा दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती. आज ती कुठल्याशा दुसऱ्या कॉलेजची, मनाविरुद्धची परीक्षा द्यायला परगावी गेली होती आणि तिचा फोन परीक्षेच्या दाराबाहेर जमा होता.

"पुढे वाच," गुरुजी म्हणाले.

"आज पाचच्या आत जागा स्वीकारायची. गुणपत्रिका जोडून. नाही केलं तर जागा पुढच्याला देणार." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "अहो, साडेतीन होऊन गेलेत."

गुणपत्रिका घरच्या कॉम्प्युटरमध्ये होती. पासवर्ड गुरुजींच्या डोक्यात होता. आणि डोळे पट्टीखाली. त्यांनी पट्टी किंचित उचलून पाहिली, तर उजेडाची अशी सणक गेली की तोंडातून हाय निघाली. शेजारच्या दाराला कुलूप. त्यांनी बायकोकरवी कचेरीत फोन लावला. हेडक्लार्क कळवळून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मुलीचं काम म्हणजे आमचंच काम. आम्ही सगळेच्या सगळे येतो. पण येऊन करणार काय? तुम्ही कधी हात लावू दिलात?"

गुरुजींनी फोन ठेवला. घरात दोनच माणसं उरली. एकाला येत होतं पण दिसत नव्हतं, आणि दुसरीला दिसत होतं.

"चल," ते म्हणाले, "तुलाच करावं लागणार."

"मला?" ती घाबरून गेली. "अहो, माझ्या हातून काही भलतं झालं तर? पोरीचं नुकसान होईल."

"मी आहे ना!" गुरुजी म्हणाले. होते खरे. खुर्चीशेजारी स्टुलावर, घाण्याच्या बैलासारखे डोळे बांधून.

कॉम्प्युटर सुरू झाला. पासवर्ड सांगायची वेळ आली आणि गुरुजी जरा घुटमळले. घरच्यांची नावं, वाढदिवस असले पासवर्ड ठेवणाऱ्यांची ते कचेरीत सालटी काढायचे, आणि त्यांचा स्वतःचा पासवर्ड म्हणजे स्वतःचीच आरती.

"सर्वज्ञ," ते हळूच म्हणाले. "आणि पुढे एक."

"काय?"

"सर्वज्ञ! ऐकू येत नाही का?"

बायकोनं एकेक अक्षर शोधून दाबलं. तिच्या नाकातून बारीकसा आवाज आला. ती हसली की काय, हे पाहायची सोय नव्हती.

"हं. आता तिथे क्लिक कर."

"कुठे?"

"तिथे गं, वर."

"वर म्हणजे भिंतीकडे?"

"पडद्यावर वर! उजव्या हाताला!"

"माझ्या उजव्या की त्याच्या?"

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला, तो पट्टीवर बसला. गेली कित्येक वर्षं ते हे रोज करत होते, पण ते नेमकं काय करतात, हे त्यांना सांगताच येईना. त्यांना नावं माहीत नव्हती, जागा माहीत नव्हत्या. सगळं बोटांना ठाऊक. तोंडाला एकच शब्द येत होता, 'तिथे'. हात सवयीनं पुढे गेला, माउसऐवजी पाण्याचा तांब्या आडवा झाला.

"अगं तो गोल... चौकोनी... ते हे असतं बघ! एवढं साधं कसं दिसत नाही तुला? डोळे फुटलेत का?"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं, की खोलीत डोळे नक्की कुणाचे फुटलेत.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बायकोनं आधी फडकं आणून सांडलेलं पाणी पुसलं. मग म्हणाली, "हे बघा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरीला मी 'तिथे शीव' म्हणते का? खांद्यापासून चार बोटं खाली, असं सांगते. आणि ओरडत तर मुळीच नाही, ओरडलं की टाका वाकडा पडतो. तुम्ही आता गप्प बसा. जे जे दिसतंय ते मी वाचते. तुम्ही ऐका आणि त्यातलं काय हवं, तेवढंच बोला."

तिनं आपल्याला गप्प बसायला सांगितलंय, हे पचायला गुरुजींना थोडा वेळ लागला. पण घड्याळ चालत होतं. ते गप्प बसले.

मग ती वाचू लागली. सगळं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, ओळीनं, सूचना वाचाव्यात तसं. 'मुख्य पान', 'संपर्क', 'नेहमीचे प्रश्न'. गुरुजींच्या जिभेला खाज सुटली होती, तरी त्यांनी ओठ दाबून धरले. आणि नवल म्हणजे, ऐकता ऐकता त्यांना बंद डोळ्यांपुढे ते पान दिसायला लागलं. "'उमेदवार प्रवेश' म्हणालीस ना? तेच." माउस टेबलाच्या कडेला जाऊन अडला, तेव्हा ती म्हणाली, "माउस उचलून परत मधे ठेवला, चालला." हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

गुणपत्रिकेनं मात्र घाम काढला. "त्या फाइलचं नाव काय ठेवलंय तुम्ही?"

"गुणपत्रिकाच असणार."

"तसं काही नाही इथे. 'स्कॅन', 'स्कॅन दोन', 'हे बघणे', 'हे नंतर बघणे', 'हेच'..."

गुरुजींना भांडारपाल आठवला. सख्खा भाऊ शोभला असता. "'हेच' उघडून बघ," ते खालच्या आवाजात म्हणाले. निघाली ती त्यातच.

फाइल जोडून झाली. बाहेर शाळेतून परतणाऱ्या मुलांचा कलकलाट सुरू झाला होता, म्हणजे पाचाला फारसा वेळ उरला नव्हता. बायको म्हणाली, "आता खाली दोन बटणं आहेत. शेजारी शेजारी. एक..."

"पहिलं! पहिलंच असतं नेहमी! दाब!"

तिनं दाबलं. "एक चौकट आली. 'आपण...'"

"वाचत नको बसूस आता! ओके दाब! चौकट आली की ओके दाबायचं!"

"अहो, पण यात..."

"दाब म्हणतो ना! वेळ जाईल! पोरीचं वाटोळं करशील!"

तिनं दाबलं नाही. एकेक शब्द सुटा करून तिनं वाचलं, "'आपण मिळालेली जागा सोडत आहात. ही जागा पुन्हा मिळणार नाही. नक्की?'"

कुणीतरी ती चौकट आत्ता, या क्षणी दाबतंय असं वाटून गुरुजींनी अंधारातच दोन्ही हात पुढे केले आणि तिचा हात चाचपडून घट्ट धरला.

"नको," ते म्हणाले. "नको, नको. मागे. 'रद्द' असं काही आहे का?"

"आहे. हात सोडा, म्हणजे दाबते."

त्यांनी हात सोडला. तिनं 'रद्द' दाबलं, मग दुसरं बटण, मग आलेली चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली, आणि मग होकार दिला.

"'आपला प्रवेश निश्चित झाला आहे,'" बायकोनं वाचलं. "'अभिनंदन.' खाली पोरीचं नाव आहे." आणि ती रडायलाच लागली. गुरुजींनाही भडभडून आलं, पण पट्टीखाली डोळ्यांतलं पाणी असलं झोंबलं की त्यांना रडणं अर्ध्यात आवरावं लागलं. देवानं तेवढीही मुभा ठेवली नव्हती. ते नुसते चाचपडत तिच्या पाठीवर थोपटत राहिले, आणि बऱ्याच वेळानं ती म्हणाली, की ती खुर्चीची पाठ आहे.

सहाच्या सुमाराला मुलीचा फोन आला. बायकोनं दोघांना ऐकू येईल असा लावला. बातमी ऐकून पोरीनं भर रस्त्यात अशी किंकाळी फोडली की कुणीतरी शेजारून 'काय झालं' म्हणून विचारलेलं इकडे ऐकू आलं.

"बाबा! बाबा, तुम्ही ग्रेट आहात! पट्टी बांधून केलंत?"

"मी नाही," गुरुजी म्हणाले. "आईनं केलं."

"आईनं? कॉम्प्युटरवर?" मुलगी खळखळून हसली. "चेष्टा पुरे हं बाबा. आईला कुठलं येतंय!"

आणि शेजारी बायकोही हसली. रोज जेवताना हसायची तसंच, हलकंसं. ते हसणं गुरुजींनी हजारदा ऐकलं होतं, आणि ती कचेरीतल्या येड्यांना हसते असंच त्यांना वाटत आलं होतं. आज तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज होता, आणि त्या आवाजात हसू अजिबात नव्हतं. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हसू नकोस," ते पोरीला म्हणाले. "तुझा बाप जागा सोडायचं बटण दाब म्हणून ओरडत होता. तुझ्या आईनं ऐकलं नाही, म्हणून तू आज डॉक्टर होणार आहेस. कळलं? आणि आईला येत नाही, हे तुला सांगितलं कुणी?"

पोरीचं हसणं थांबलं होतं.

"तुम्हीच, बाबा," ती म्हणाली.