आमसुली मूठ

दोन हजार सालच्या सुमारास रत्नागिरीत चाकू जमवणाऱ्यांचं आमचं एक मंडळ होतं. त्यात मी एकटीच बाई. सभासदांसाठी खास घडीचा चाकू करून घ्यायचं ठरलं आणि मुठीच्या रंगावरून वाद झाला. अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, रंगातलं तुम्हालाच कळतं. तुम्हीच सांगा."

पुढच्या बैठकीला मी घरची आमसुलं घेऊन गेले. तो काळसर लाल रंग सगळ्यांना पसंत पडला.

चाकू आले, वाटले गेले. माझ्या हातात मात्र त्याच रंगाच्या मुठीचं सोलाणं ठेवलं.

"घरात उपयोगी पडेल," अध्यक्ष म्हणाले. बाकीचे कौतुकाने हसले.

सोलाणं टेबलावरच ठेवून मी घरी आले. का गेलात, असं कोणी विचारलं नाही. तो चाकू मला आजवर एकदाही उघडून पाहायला मिळालेला नाही.